दोन रेडिएटर

मिस्त्रीने दोन्ही रेडिएटर बाकावर शेजारी शेजारी उभे केले. "हा ॲल्युमिनियमचा, हा तांब्याचा. उचलून बघ, दादा."

त्याच्या थोरल्या भावाने दोन्ही उचलून पाहिले. तांब्याचा उचलताना त्याच्या मानेची शीर ताठ झाली.

"हलका आहे तो बसव. लवकर होईल ना?"

"अर्ध्या तासात. त्याची भोकं आपल्या जीपला जशीच्या तशी जुळतात. तांब्याच्याला नवीन पट्ट्या बसवाव्या लागतील. दोन तास धर."

"मग विचारतोस काय!"

जीप गॅरेजच्या पत्र्याखाली बॉनेट उघडून उभी होती. पुढच्या सीटवर वहिनी पुठ्ठ्याच्या तुकड्याने वारा घेत होती. सकाळीच मावशीचा फोन आला होता. आईचं काही खरं नाही, फार तर दोन दिवस. आई आणि मावशी राहत त्या वस्तीपर्यंत दोनशे किलोमीटर नुसता माळ होता, दगड आणि वाळू. या दिवसांत तिथे दुपारी माणूस काय, कुत्रंही दिसत नसे. आणि जुन्या रेडिएटरने नेमकी आजच मान टाकली होती.

"ऐक, दादा," मिस्त्री म्हणाला. "हा गार चांगला करतो, खोटं कशाला बोलू? पण याच्या दोन्ही टाक्या प्लास्टिकच्या. गाडी दगडांवरून तासन्‌तास हादरली की टाकी सांध्यात तडकते. एकदा तडकली की संपलं, सगळं पाणी वाळूत. तांब्याचा फुटला, तर तिथल्या तिथे कथलाचा डाख लावून मी दहा मिनिटांत गाडी चालू करीन. आणि ही जाळी बघ." त्याने तांब्याच्या जाळीवरून नख फिरवलं. "विरळ आहे. वाळू अडकून बसत नाही."

थोरला घड्याळाकडे बघून हसला. "बरं बाबा, तुझंच खरं. बसव."

मिस्त्री कामाला लागला. फोन आल्याआल्याच त्याने धुतलेला शर्ट घातला होता. तो मळू नये म्हणून वर जुना डगला चढवला होता. दाराशी त्याची पिशवी भरून तयार होती. पट्टीला पहिलं भोक पाडता पाडता तो म्हणाला, "पाणी भरपूर घेऊ. मी मागे बसतो, हत्यारं पायाशी ठेवतो."

थोरला नळाखाली तोंड धूत होता. "मागे ड्रम ठेवायचेत."

"एक ड्रम आणि एक मी. मावतो की."

"दोन ड्रम." त्याने नळ बंद केला. "तू येऊ नकोस."

मिस्त्रीने ड्रिल थांबवलं.

"तुला बघितलं की तिचा जीव खालीवर होतो," थोरला म्हणाला. "शेवटचे दोन दिवस तरी तिला निवांत जाऊ देत."

"असं कोण म्हणालं?"

"मी म्हणतोय."

"भाऊजी," गाडीतून वहिनीचा हळू आवाज आला, "मावशी सांगत होत्या, आई सारखं तुमचंच विचारतात. धाकटा निघाला का, धाकटा निघाला का."

"तुला कोणी विचारलं?" थोरला बायकोवर खेकसला. मग ओले हात पँटला पुसत तो भावाजवळ आला. त्याचा आवाज एकदम खाली उतरला. "चाळीस वर्षं ती तुझंच विचारत आलीय. तू खोलीत आलास की मी तिला दिसतच नाही. एवढ्या एका वेळी मला एकट्याला भेटू दे."

अर्धवट भोक पडलेली पट्टी मिस्त्रीने दोनदा उलटीसुलटी करून पाहिली आणि खाली ठेवली. मग तांब्याचा रेडिएटर उचलून त्याने भिंतीला टेकवला.

"दादा, हलकाच बसवतो."

"आता का? मघाशी तर..."

"मघाशी मी येणार होतो. तांब्याच्याला डाख लावायला माणूस लागतो. मीच नसेन तर त्याचा काय उपयोग? हा गार लवकर करतो. तुझा दीड तासही वाचेल."

थोरल्याला ते पटलं. "बघ, शेवटी आलास ना माझ्याच बोलण्यावर!"

अर्ध्या तासात काम झालं. कामात बोट ठेवायला जागा नव्हती. बोल्ट आवळून झाल्यावर मिस्त्रीने पाइपांच्या क्लिपा पुन्हा एकदा तपासल्या, पाणी भरलं, आणि इंजिन चालू करून तो पंधरा मिनिटं तापमानाच्या काट्याकडे बघत उभा राहिला. काटा मधोमध होता. पाण्याचे दोन्ही ड्रम त्याने स्वतः मागच्या सीटवर चढवले आणि हलू नयेत म्हणून दोरीने करकचून बांधले.

"पोचलो की फोन करतो," असं म्हणून थोरला स्टिअरिंगवर बसला.

वहिनीने अर्धी काच खाली केली. तिने बंद बॉनेटकडे पाहिलं, भिंतीला टेकवलेल्या तांब्याच्या रेडिएटरकडे पाहिलं, मग दिराकडे.

"भाऊजी, दगडांवर टिकेल ना हा?"

"टिकेल, वहिनी," तो म्हणाला. तिने काच वर केल्यावर त्याने फडकं ओलं करून आणलं आणि तिच्या बाजूची काच कोपऱ्यांपर्यंत स्वच्छ पुसून दिली.