चिडीचूप सभा

विनोदी नट खासदार झाला, तरी लोकांची सवय काही सुटेना. संसदेत त्याने नुसतं "अध्यक्ष महोदय" म्हटलं, तरी मागच्या बाकांवर खसखस पिकायची. आता पक्ष त्याला राष्ट्राध्यक्षपदासाठी उभं राहा म्हणत होता आणि त्याचा पाय पुढे पडत नव्हता.

त्या दुपारी बंद पडलेल्या एका दवाखान्यासमोर सभा होती. त्याने तोंड उघडताच लोक हसले. मग त्याने भाषणाचा कागद खिशात घातला आणि दवाखाना लांब म्हणून आपली आई वाटेतच कशी गेली, ते साध्या शब्दांत सांगितलं. गर्दी चिडीचूप झाली. पुढे बसलेल्या एका गरोदर पोरीने विचारलं, "दादा, राष्ट्राध्यक्ष झालात तर हा उघडाल?"

"उघडीन," तो म्हणाला.

गाडीत बसल्याबसल्या त्याने बायकोला फोन लावला. "आज लोक हसायचे थांबले गं."

"अगंबाई! नाटक पडायचं तेव्हा अशीच शांतता असायची ना हो?" ती काळजीने म्हणाली.

"अगदी अशीच. पण आज एकही माणूस उठून गेला नाही. पक्षाला कळवतो, मी उभा राहतोय."