बधिर करायच्या दोन कुप्या

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी ताईची चुलतबहीण दातांच्या दवाखान्यात आली. सोबत ताईची सात वर्षांची धाकटी बहीण होती, दोन घट्ट वेण्या घातलेली. डॉक्टर बारानंतर येणार होते. ताई एकटीच होती. तीन वर्षं ती इथे मदतनीस होती. उकळून काढलेले चिमटे ती ट्रेमध्ये मांडत होती.

"बधिर करायच्या इंजेक्शनच्या दोन कुप्या दे," चुलतबहीण हळूच म्हणाली. "काकूनं, तुझ्या आईनंच सांगितलंय."

"कुणाचा दात दुखतोय?"

"वेड पांघरू नकोस. आज धाकटीचं आहे."

या घराण्यात मुलगी सात वर्षांची झाली, की आत्याच्या मागच्या खोलीत तिला आडवं करून लघवीच्या जागेचा एक भाग कापून टाकत. रीत म्हणत त्याला. ताईचं आणि चुलतबहिणीचं एकाच दुपारी झालं होतं. ताईचे पाय तिच्या आईनंच धरले होते.

"ताई, आम्ही सँडल घ्यायला चाललोय," धाकटी म्हणाली. "आधी आत्याकडे, मग दुकानात."

"आत जा, मोठ्या खुर्चीत बस. उजवीकडचं बटण दाबलं की ती वर जाते."

धाकटी पळाली. ताईनं मधलं दार ओढून घेतलं.

"आपल्यासारखं नाही गं होणार," चुलतबहीण समजुतीनं म्हणाली. "ब्लेड नवं कोरं, हातमोजे, शिवाय हे इंजेक्शन. आठवडाभर डोकं फोडलं मी सगळ्यांपुढे, तेव्हा कुठं आत्या तयार झाली. मला वाटलं, तू तरी शाबासकी देशील."

तिच्या चेहऱ्यावर खरोखर अभिमान होता. आत्याचा कधी आला नव्हता एवढा संताप ताईला त्या चेहऱ्याचा आला.

"भांडलीसच, तर कापूच नका म्हणून का नाही भांडलीस?"

"आणि उद्या तिचं लग्न कोण जमवणार, तू? मला झालं, तुला झालं. मेलो का आपण?"

"लग्नानंतर आठ दिवसांत बाथरूममध्ये कोंडून घेऊन मला फोन कुणी केला होता?"

चुलतबहिणीचा हात पोटावर गेला. पाचवा महिना होता.

"मुलगी झाली तर?" ताईनं विचारलं.

"तोवर डॉक्टरच करायला लागतील," ती खाली बघत म्हणाली. "नीट, दवाखान्यात."

ताईनं तिला दंडाला धरून बाहेर पायरीपर्यंत नेलं, आत येऊन काचेच्या दाराला कडी घातली आणि बालमदतीच्या क्रमांकावर फोन लावला. धाकटीचं वय सांगितलं, आत्याचा पत्ता सांगितला.

"यात आणखी कोण आहे?" पलीकडच्या बाईनं विचारलं.

"आमची आई."

"त्यांचं नाव लिहायचं ना?"

ताईनं क्षणभर फोन कानापासून दूर धरला. मग नाव सांगितलं, आडनावासकट.

माणूस पाठवतो, असं उत्तर मिळालं. किती वाजता, ते सांगितलं नाही.

पावणेबारापर्यंत आईचे सहा फोन येऊन गेले होते. आतली खुर्ची वरखाली होत होती. चुलतबहीण बाहेर पायरीवरच बसून होती. तिच्या मांडीवरचा फोनही वाजत होता, आणि तिनं तो अजून उचलला नव्हता.