काळी चार

भीमगीतांच्या कार्यक्रमांना गावोगावी भाड्याचा कीबोर्ड मिळायचा, दरवेळी वेगळा. म्हणून कीबोर्ड वाजवणाऱ्या नाशिकच्या मनालीने सगळे आवाज घरीच लॅपटॉपमध्ये बसवले होते. कीबोर्ड लॅपटॉपला जोडला की झालं, त्याच्या अनोळखी बटणांना हात लावायची गरजच नव्हती. येवल्याचा कार्यक्रम गायिका सुगंधाताईंचा गळ्याच्या ऑपरेशननंतरचा पहिलाच. तालमीत वरच्या सुराला आवाज फाटला. ढोलकीवाल्याने मान खाली घातली. “पट्टी बदलायची नाही,” ताई म्हणाल्या, “वीस वर्षं काळी चारमध्येच गातेय.” कार्यक्रमाआधी मनालीने लॅपटॉपवर गुपचूप पट्टी दोन सुरांनी उतरवली. बोटं नेहमीच्याच जागी पडणार होती, आवाज मात्र खालून येणार होता. आपण चुकतोय का, तिला कळेना. गाणं अलगद चढलं. टाळ्या थांबेनात. ताई माईकवर हात ठेवून तिच्याकडे वळल्या. “उतरवलीस ना पट्टी?” “हो, ताई.” “पुढच्या गाण्याला अजून एक सूर उतरव.”