केसांची गरी

पाणी फाटलं, मरळ कमरेएवढी उसळली, हवेतच तिनं मान झटकली आणि इसरूच्या हातातली दोरी एकदम ढिली पडली.

"गेली का?" तलावाच्या पाळीवरून डोमाचा आवाज आला. "गेलीच असंन. तिलेबी माहीत हाय, जावई कच्चा हाय म्हून."

इसरू ढिली दोरी गुंडाळू लागला. सासऱ्याला उलट बोलायचं नसतं, आणि हा तर अजून सासराही झाला नव्हता.

इसरू लमझना होता. म्हणजे लग्नाआधी मुलीच्या घरी राहायचं, तिच्या बापाच्या शेतात राबायचं, आणि बापाचं मन भरलं की हळद लागायची. डोमानं चार माणसांत शब्द दिला होता, "आपल्या हातानं बांधलेल्या गरीवर हा ज्या दिवशी मरळ आनंन, त्या दिवशी मांडव."

इसरूच्या गावी, गोंडपिपरीकडं, सगळे जाळं टाकणारे. मासा धरायची गरी त्यानं इथं येऊनच हातात घेतली. तरी त्याला वाटलं होतं, किती दिवसांचं काम! आता दुसरा पावसाळा सरला.

जुन्या बॅटरीचं शिसं वितळवून तो गरीच्या मानेवर थेंब बसवी. त्याखाली केसांचा झुबका असा बांधी, की गरी पार झाकून जावी आणि पाण्यात ओढली की बेडूकच पोहल्यासारखा दिसावा. बोकडाचे केस झाले, कुत्र्याच्या शेपटीचे झाले, खारीचे झाले. मरळ दर वेळी धावून येई, तोंडात घेई आणि उसळली की सुटे. आलीच नसती तर एवढं जिवाला लागलं नसतं.

शेवटी डोमाच्या पोरीनं, सोमारीनं, आपल्या वेणीची बट कापून दिली. "माये केस बांधून पाहा. लांब हायेत," ती खाली मान घालून म्हणाली.

इसरूचं काळीज सुपाएवढं झालं. रोज संध्याकाळी ती ओल्या गऱ्या मागून घेई, केस विंचरी आणि छपरीत वाळत टांगी. एवढी माया करणारी बायको मिळणार, म्हणून तो आणखी नेटानं बांधी.

डोमाचं मात्र काही खरं नव्हतं. एकदा पहाटे तो त्याच गऱ्या घेऊन दगडापाशी बसलेला दिसला. इसरूला पाहताच त्यानं त्या धोतराखाली सरकवल्या.

"काई नाई. पाहून राह्यलो."

फुकटचा गडी कोणाला सोडवतो? इसरूच्या डोक्यात किडा वळवळू लागला.

गावात सप्ताह बसला. डोमा टाळ घेऊन रोज कीर्तनात उभा. बुवा मोठे गोड गळ्याचे. त्यांनी अभंग उचलला की म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या डोळ्यांना धार लागे. देव भक्ताची वाट कशी पाहतो, ते बुवा रंगून सांगत होते. इसरूच्या मनात आलं, देव पाहत असेल बापा, सासरा काही पाहत नाही. टाळ्या वाजवता वाजवता त्याचा हात दोरी ओढल्यासारखा होई.

काल्याच्या सकाळी सगळं गाव देवळात आणि इसरू तलावावर. मरळ आली, तिनं धरलं, सुटली. संतापून त्यानं दोरी हिसडली, तशी गरी काठच्या बेशरमाच्या झुडपात अडकली आणि ओढताना केसांचा झुबकाच उपटला. उघडी गरी त्यानं बोटावर घेतली. टोक सुईसारखं होतं. पण मासा सुटू नये म्हणून आत जो उलटा काटा असतो, तो नव्हता. कोणीतरी घासून गुळगुळीत केला होता. बाकीच्या गऱ्यांचे केस वर सारून पाहिले. सगळ्या तशाच.

तो घरी पोचला तेव्हा डोमा कपाळाला बुक्का लावून, काल्याचा द्रोण जपत अंगणात शिरत होता.

"घासा, आनखी घासा!" इसरूनं गऱ्या त्याच्या पायाशी आपटल्या. "असा टाळ कुटून देव भेटंन का? नाई द्याची पोरगी, त सांगा ना तोंडानं! बैलासारखं काऊन जुपून ठेवलं मले?"

डोमा खाली बसला. एक गरी उचलून त्यानं डोळ्याजवळ धरली, बोट फिरवलं. त्याचा चेहरा उतरला.

"मी टोक पाजवत होतो रे," तो म्हणाला. "लपून पाजवत होतो. नाईतर लोकं म्हनतीन, सासऱ्यानंच जितवलं. मले का नातू नको हाय?"

सोमारी दारात येऊन उभी राहिली होती. आज पहिल्यांदाच तिनं इसरूच्या डोळ्यांत सरळ पाहिलं.

"बाबाले काऊन बोलता?" ती म्हणाली. "काटा मी घासत होती."