झाबोर्येचे प्रवासी

"ते 'कृपया' काढ," पेलागेया म्हणाली. "क्लावा जन्मात कुणाला कृपया म्हणाली नाही. पाद्र्यालासुद्धा नाही."

आर्सेनीनं मुकाट्यानं शब्द पुसला. कारखान्यात त्यानं उभा जन्म संगणकापुढं काढला होता. पण पेलागेयापुढं त्याचं काही चालत नसे. झाबोर्ये गावात कुणाचंच चालत नसे.

खिडकीच्या फळीवर तीन जुने फोन चार्जिंगला लावलेले होते. एक क्लावाचा, एक लुकेर्याचा, एक त्रोफिमचा.

गोष्ट साधी होती. दर मंगळवारी बस हमरस्ता सोडून, जंगलातनं वाट काढत झाबोर्येपर्यंत यायची. आता बस ऑफिसानं फर्मान काढलं होतं. आदल्या दिवशी ते टेलिग्रामच्या ग्रुपवर विचारणार, गावातल्या निदान पाच जणांनी तिथल्या तिथं उत्तर द्यायचं. दिलं तर बस वळणार, नाहीतर सरळ पुढं. बस गेली की पीठ, मीठ, औषध सगळं गेलं. मग पेलागेयालाही गाव सोडून जावं लागणार, शहरात, लेकीच्या सातव्या मजल्यावरच्या घरात.

"मम्मा, तिथं आहे काय आता?" रिम्मा फोनवर दर रविवारी रडायची.

"माझी माणसं आहेत. त्यांना टाकून तुझ्या गॅलरीत वाळत बसू?"

म्हणून हा बॉट. ऑफिसानं विचारलं की आपोआप उत्तर देणारा. आर्सेनी तो पास्कल नावाच्या जुन्या संगणकी भाषेत लिहीत होता. ते ऐकून रिम्मा रडता रडता हसली होती. "मम्मा, ती भाषा माझ्याहून म्हातारी आहे!"

"मग तुझ्याहून शहाणी असेल."

"या भाषेत आधी सगळ्यांची नावं सांगावी लागतात, निकितिच्ना," आर्सेनी म्हणाला. वडिलांच्या नावानं तिला हाक मारणारा तोच एक. "कोण कोण आहे ते वरतीच सांगायचं, मगच काम सुरू. मध्येच कुणी उपटलं तर ती ओळख देत नाही."

"माझ्या सासूसारखीच. लिही, क्लावा पहिली. नाहीतर ती रुसेल."

त्यानं नावं लिहिली. मग पेलागेयाकडं वळला. "पण तिघांना विचारलंस का? त्यांच्या नावानं बोलायचं म्हणजे…"

"काल संध्याकाळी जाऊन सांगून आले. क्लावा गप्प राहिली. ती गप्प म्हणजे होकार. नकार असता तर तिनं गाव डोक्यावर घेतलं असतं."

सोमवारी ऑफिसातल्या इन्नानं विचारलं, 'झाबोर्ये, उद्या कोण येणार?'

क्लावाचं उत्तर लगेच आलं. 'येते. हिटर चालू आहे का, की मागल्यासारखं गारठवणार?'

'हिला जन्मभर थंडीच वाजते,' लुकेर्यानं लिहिलं. 'खिडक्या उघड्या ठेवा.'

'मागची सीट. आणि माझ्याशी कुणी बोलायचं नाही,' त्रोफिम.

पेलागेयानं आणि आर्सेनीनं आपापलं लिहिलं. 'आज्यांनो, भांडू नका,' इन्नानं कळवलं. 'पाठवते बस.'

पेलागेया मांडीवर थाप मारून हसली. डोळेही पुसले. "अगदी तश्शीच आहे रे मेली."

सकाळी बसमध्ये ती एकटीच चढली.

"बाकीचे?" ड्रायव्हर रुस्लाननं विचारलं. तो या रस्त्यावर याच मोसमात आला होता.

"आर्सेनी घर राखतोय. क्लावा पडून आहे, आणि लुकेर्या तिच्या शेजारून हलत नाही."

"आणि तो मागच्या सीटवाला? झिंगून पडला असेल."

"त्रोफिमनं दारू सोडली," पेलागेया तुटकपणे म्हणाली. "तू समोर बघून चालव."

हिवाळा असाच निघाला. पण ऑफिसात कुणीतरी डोळे उघडे ठेवून होतं. पाच जण लिहितात, एकच चढते. इस्टर उलटल्यावर इन्नाचा संदेश आला. 'साहेबांचा हुकूम आहे. मंगळवारी मी स्वतः येऊन प्रत्येकाला भेटणार. कुणी भेटलं नाही तर बस बंद.'

आर्सेनीनं संगणकाकडं धाव घेतली. "बॉट बंद करतो. आत्ताच करतो."

"हात लावून तर बघ! येऊ दे तिला. सगळे आपापल्या जागेवर आहेत."

इन्ना बसमधून उतरली ती बोलतच. पोरगी वाईट नव्हती, नाक मात्र थंडीनं लाल झालेलं. "आजी, तुमच्या क्लावा आजींनी आम्हाला किती हसवलंय माहितीये? आधी त्यांच्याकडंच जाऊ. पण ही घरं तर बंद दिसतात…"

"आज घरात कोण बसतं? चल, तिकडं. बर्चच्या झाडांपलीकडं." पेलागेयाच्या हातात टोपली होती. रंगवलेली अंडी, काळा पाव, छोटे पेले, बाटली.

इन्नाची नजर टोपलीवर गेली. इस्टरनंतरच्या मंगळवारी अशी टोपली कुणाकडं नेतात, हे तिला ठाऊक होतं. तिची पावलं मंदावली. चालता चालता तिनं फोन काढून घाईनं ग्रुपवर लिहिलं, 'क्लावा आजी, मी गावात आलेय. तुम्ही कुठं आहात?'

"कुणाला लिहितेस?" पेलागेयानं मागं न बघता विचारलं. "पोचलोच की."

तिनं गंजलेलं लोखंडी फाटक ढकललं. वाकून पेला मातीवर ठेवला, भरला, वर पावाचा तुकडा ठेवला. शेजारी एक लाल अंडं.

"क्लावा, बघ कोण आलंय. बसवाली पोर."

कबरीच्या क्रूसावरच्या फोटोतून एक जाडजूड बाई भुवया चढवून इन्नाकडं बघत होती. इन्नाच्या हातातला फोन थरथरला.

'येते. हिटर चालू आहे का, की मागल्यासारखं गारठवणार?'

"उत्तर दे की," पेलागेया म्हणाली. "आता ती समोर आहे, तर तिच्या तोंडावर सांग, बस बंद म्हणून."