ओलीचं कारण

कपाट सरकवलं आणि तिन्ही भावंडांचे हात नाकाशी गेले. मागची भिंत काळी पडली होती. बुरशी जमिनीपासून खांद्याइतकी वर चढली होती आणि तशीच पसरत बाबांच्या पलंगाच्या उशापर्यंत पोचली होती.

बाबा गेल्यावर घर विकायला काढलं होतं, आणि घेणाऱ्याने स्पष्ट कळवलं होतं: भिंत दुरुस्त करून द्या, नाहीतर किंमत कमी करा. खर्च काही टळत नव्हता. तो कुणाच्या वाट्यातून जायचा, एवढंच ठरायचं होतं, आणि तेवढ्यासाठी दादा आणि मधला एकाच दिवशी वेळ काढून आले होते. बाबा अंथरुणावर होते तेव्हा हे एकदाही जमलं नव्हतं.

धाकटी दाराशी उभी होती. बाजारामागे तिने एक खोली बघून ठेवली होती. तिच्या वाट्याच्या पैशांत ती जेमतेम बसत होती. भिंतीचा खर्च त्यातून गेला, तर त्या खोलीचं फार तर दार हाती आलं असतं.

ओलीचं कारण शोधायला बोलावलेला तपासनीस गच्ची बघून आला, नळ बघून आला, बाहेरची बाजू ठोकून आला. मग हातातलं यंत्र भिंतीला टेकवून बराच वेळ आकडे बघत राहिला.

"गळती कुठेच नाही," तो म्हणाला. "ओल खोलीतलीच आहे. प्लॅस्टर पार विटेपर्यंत खरवडावं लागेल."

"म्हणजे दोष कुणाचा?" दादाने विचारलं.

"घराचा नाही. वापराचा. इथं राहायचं कोण?"

दोघांनी धाकटीकडे पाहिलं.

माणूस भला होता. त्याने सरळपणे विचारलं, "ताई, खिडकी उघडत होता का?"

नऊ वर्षांत या खोलीबद्दल तिला कुणी काही विचारलं नव्हतं. फोनवर 'बाबा बरे आहेत ना' असं यायचं, आणि 'हो' म्हटलं की दोघंही सुटकेचा श्वास टाकून आपापल्या कामाला लागायचे. त्यामुळे हा परका माणूस विचारतोय म्हटल्यावर ती सांगतच सुटली. भाबडी कुठली! बाबांना वाऱ्याची झुळूकसुद्धा सोसायची नाही, म्हणून तिने खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबल्या होत्या. छाती भरायची, म्हणून दिवसातून दोनदा वाफ. अंग पुसायची गरम पाण्याची बादली पलंगाशीच.

"आणि कपडे? तेही आतच वाळत घालायचात?"

"कपडे नाही हो, चादरी. दिवसाला चार, कधी पाच. वर गच्चीवर नेऊन घालायच्या तर तेवढा वेळ त्यांना एकटं कसं सोडणार? हाक मारली की मी समोर दिसायला हवी असायची." मग ती जरा ताठ होऊन म्हणाली, "नऊ वर्षं पडून होते, पण पाठीला एक जखम होऊ दिली नाही मी."

तपासनीसाचं पेन थांबलं. त्याला काहीतरी बोलायचं होतं.

"लिहा ना," दादा म्हणाला. "ती सांगतेय तसंच लिहा."

त्याने लिहिलं. खिडकी कायम बंद. खोलीत वाफ. ओले कपडे आत वाळवणे. पाठीचं लिहायला त्या कागदावर रकाना नव्हता.

"गळती असती तर तिघांत वाटून घेतलं असतं गं," मधला अगदी मायेने म्हणाला. "पण आता हे असं निघालं. राहत होतीस तू. तेही बिनभाड्याने."

"दिवसातून दहा मिनिटं खिडकी उघडली असतीस तरी पुरलं असतं," दादा म्हणाला. "एवढी साधी अक्कल नको? आपल्या वडिलांना असल्या हवेत ठेवायचं?"

तिने विचारलं, "आणि मी राहू कुठे?"

"अगं, आम्ही काय मेलोय का? आमच्याकडे ये की. तुझ्या वहिनीची आई हल्ली आमच्याकडेच असते. अंथरुणाला खिळलीय बिचारी. तुला सवय आहे, तुझाही वेळ जाईल."

दादाच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. त्याला ते खरंच चांगलं सुचलं होतं, आणि तिला त्याचाच जास्त राग आला.

कागदाच्या तळाशी राहणाऱ्याच्या सहीसाठी जागा होती. दादाने तपासनीसाकडून कागद आणि पेन घेऊन तिच्यापुढे धरले.

तिने पेन घेतलं नाही. ती त्याच्या बाजूने निघून खिडकीशी गेली आणि फटींतल्या चिंध्या एकेक करून ओढून काढायला लागली. त्या घट्ट बसल्या होत्या, काही तर लाकडाला चिकटल्या होत्या. शेवटी तिने कडी काढली, दोन्ही हातांनी जोर लावला आणि खिडकी उघडली. गार वारा भसकन आत शिरला. दादाच्या हातातला कागद फडफडला, मधल्याला शिंक आली.

दादाने खांदे आवळले. "लाव गं ती खिडकी. गारठा येतोय."

शब्द बाबांचे, सूरही बाबांचाच. तिचा हात सवयीने कडीपर्यंत गेलासुद्धा. मग तिने तो मागे घेतला.

"असू दे, दादा," ती म्हणाली. "भिंत ओल धरते."