नवं पाकीट

अण्णांना जाऊन महिना झाला होता. लोहगडवाडीतल्या आमच्या चहाच्या टपरीवर आत्याने त्यांच्या औषधांची पिशवी उघडली आणि त्यांच्या मनाच्या आजारावरच्या गोळ्यांचं पाकीट बाहेर काढलं.

“वाया कशाला घालवायच्या? मलाबी आता लय उदास वाटतं,” ती म्हणाली.

“आत्या, असं चालत नाही,” मी म्हणाले. “मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप पाठवतात, पण प्रत्येकाच्या शरीरात त्याची तऱ्हा वेगळी. अण्णांना लागू पडलेली गोळी तुला बाधेलसुद्धा.”

“आमी सख्खी भावंडं. एका ताटात जेवलो.”

“तरीही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय दुसऱ्याची गोळी घ्यायची नाही.”

“बरं बाई, लय शिकलीस.” तिने पाकीट चष्म्याजवळ नेलं. “पन जीपवाल्यानं हे लोणावळ्याहून आणलं, तवा दादा जाऊन दोन दिस झालं हुतं. मग ह्यातल्या दोन गोळ्या कुटं गेल्या?”

मी चहात साखर घालत राहिले. चौथ्या चमच्याला आत्याने डबा हळूच माझ्यापुढून ओढून घेतला.

“डाक्टरकडं दोघींचा नंबर लाव,” ती म्हणाली. “आदी तुझा. तुझ्या पेशींनी काय निरोप धाडला, ते मलाबी ऐकायचंय.”